आप्पांच्या पडण्याचा प्रोग्रॅम

"जित्या माणसाचा सापळा घरात दिसू नये," असं म्हणून समोरच्या आक्का पदर तोंडाला लावून दारातच थांबल्या. आप्पांचा सापळा त्या वेळी त्यांच्याच हॉलमध्ये, कॅमेऱ्याला जोडलेल्या माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, हिरव्या रेघांचा होऊन उभा होता. तारेवर वाळत घातलेल्या नाडीसारखा मधूनच थरथरत होता.

"हे मी व्हय?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हीच. हात वर करा बघू."

आप्पांनी हात वर केला. सापळ्यानं केला. आप्पांनी कान खाजवला. सापळ्यानं खाजवला. आप्पा खूश झाले. मग खाली बघून गंभीर झाले.

"आणि माझं गुडघं कुठं गेलं?"

गुडघे होते, पण एका जागी नव्हते. आप्पा धोतर नेसतात. ज्या देशात हा कॅमेरा तयार झाला तिथं कुणी धोतर नेसत नसावं. धोतराच्या आत पाय नेमके कुठं आहेत हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो अंदाज करत होता, आणि दर अंदाजाला गुडघा इकडून तिकडं उडी मारत होता. ऐंशी ओलांडलेले आप्पा जागेवर शांत उभे होते आणि पडद्यावर त्यांचा सापळा लेझीम खेळत होता.

"चांगलं हाय की," आप्पा म्हणाले. "आत तरी कुणीतरी नाचतंय."

हा उद्योग का चालला होता ते आधी सांगायला हवं.

मी परभणीकडचा. आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर दरवर्षी या भागात यायचे, त्यांच्याबरोबर मी. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. एका हंगामात टोळी गावी परत गेली आणि मी निपाणीतच राहिलो, कारण खताच्या दुकानात पोती मोजायला माणूस हवा होता. पुढं दुकानात कॉम्प्युटर आला आणि पोत्यांची बिलं त्यात करायची वेळ आली, तेव्हा मालक म्हणाले, तू तरणा हायस, तूच शिक. मी घाबरत घाबरत शिकलो. मी कुठलीही गोष्ट घाबरत घाबरतच करतो. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येतो, आणि माझ्याकडं गॅस नाही, स्टोव्ह आहे.

आप्पा त्या दुकानात जुने गिऱ्हाईक म्हणून यायचे. मी कुठं राहतो असं त्यांनी एकदा विचारलं. दुकानाच्या मागं, पोत्यांच्या शेजारी, असं सांगितल्यावर म्हणाले, "आमच्या माडीवर खोली रिकामी हाय. उंदरं ऱ्हात्यात. त्यापेक्षा तू ऱ्हा." इतकंच. एवढ्या एका वाक्यावर मी आजपर्यंत त्या घरात आहे. उंदरांनीही फारशी कुरकुर केली नाही.

तर त्या वर्षी श्रावणात आप्पा न्हाणीत घसरले. मी दुकानात होतो. आक्का विरजण मागायला आल्या म्हणून कळलं, नाहीतर ते संध्याकाळपर्यंत तिथंच पडून राहिले असते. मोडलं काही नाही. कंबर काळीनिळी झाली आणि आप्पा चार दिवस कुशीवर झोपले. पण आक्कांची समोर पिठाची गिरण आहे. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची त्यांना सवय. त्यांनी बेंगळूरला फोन लावला तेव्हा आप्पांच्या मुलाला, म्हणजे अण्णांना, बहुतेक फोनशिवायच ऐकू गेलं असेल.

अण्णा तिथं मोठ्या नोकरीत. त्यांनी सांगून टाकलं, "आता एकटं राहायचं नाही. दसऱ्याला येतो, तेव्हाच घेऊन जातो. घराला कुलूप."

"मी येत न्हाय," आप्पा म्हणाले.

"मग तुम्ही पडलात तर लगेच कळायची सोय काय, ते दाखवा. मला पटली तर राहा."

आप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी व्हय म्हणून गेलो. मग रात्रभर उताणा पडून विचार करत राहिलो, की आपण कशाला व्हय म्हणालो. आप्पा गेले तर त्यांचं घर जाणार होतं, आणि त्यात माझी खोलीही होती. पण ही दुसरी गोष्ट बोलायची लाज वाटत होती.

गळ्यात अडकवायचं एक बटण मिळतं, पडल्यावर दाबायचं. ते मी सुचवून बघितलं. आप्पा म्हणाले, "घंटा बैलाच्या गळ्यात असती."

म्हणून कॅमेरा. तो माझ्याकडं आधीपासून होता. बेळगावात खेळाचं एक पार्लर बंद पडलं, त्यातलं सामान भंगारवाल्याकडं आलं, त्यात हा लांबोडका डबा होता. समोर उभ्या माणसाचं अंग कुठं आहे, हात कुठं आहे, डोकं कुठं आहे, हे तो अंधारातसुद्धा ओळखतो. मी त्यावर माडीवर प्रयोग करायचो. हात हलवला की गाणं बदलेल असा एक प्रोग्रॅम केला होता, तो चांगला चालायचा. फक्त डास मारला तरी गाणं बदलायचं, आणि आमच्याकडं डास पुष्कळ. एकही गाणं कडव्यापर्यंत पोचलं नाही.

प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं, यात काहीतरी फसवणूक असणार. त्यात डावीकडं एक खिडकी, उजवीकडं एक, खाली एक. यातली कुठलीही चुकून बंद झाली तर परत येणार नाही या भीतीनं मी माऊस फार जपून चालवायचो. एकदा खालची बंद झालीच. चुकांची यादी त्या खिडकीत दिसते हे मला माहीत नव्हतं. पुढचे काही दिवस माझ्या प्रोग्रॅममध्ये एकही चूक नाही अशा आनंदात मी होतो.

चुकलेल्या शब्दाखाली ते लाल नागमोडी रेघ ओढतं. शाळेत गुरुजीही ओढायचे, पण त्यांच्या दुसऱ्या हातात छडी असायची. हे सॉफ्टवेअर तीच चूक शंभरदा केली तरी "उद्या बापाला घेऊन ये" म्हणत नाही. माझा बाप फडात असायचा, तो कुठून येणार? त्यामुळं या सॉफ्टवेअरचा मी खरोखर आभारी आहे.

त्याची इंग्रजी मी फोनवर मराठी करून वाचायचो. एका दुपारी प्रोग्रॅम धाडकन बंद पडला आणि जो निरोप आला त्याचं फोननं केलेलं मराठी असं होतं, की तू जी वस्तू धरायला गेलास ती वस्तू मुळात नाहीच. मी डोक्याला हात लावून बसलो. आप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हे कुणी लिव्हलंय?"

"कॉम्प्युटरनं."

"बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, चातुर्मासाला महाराज येत्यात, ते ह्येच सांगत्यात," आप्पा म्हणाले. "आणि ते ऐकाय आम्ही सतरंजीवर मांडी मोडंस्तवर बसतोय. तुला घरबसल्या कळलं. नशीबवान हायस."

पहिला प्रोग्रॅम सोपा होता. डोकं जमिनीजवळ गेलं की माणूस पडला. परदेशातल्या कुणीतरी इंटरनेटवर असंच करून दाखवलं होतं. त्याच्या व्हिडिओत सगळे खुर्चीवर बसत होते, खुर्चीवर जेवत होते, त्यामुळं जमिनीवर दिसला तो पडलेलाच. आप्पांच्या घरात हा प्रोग्रॅम लावला आणि त्याची घंटा थांबेचना. आप्पा जपाला पाटावर बसले, पडले. जेवायला बसले, पडले. दुपारी चटईवर आडवे झाले, पडले. आक्का शेंगा निवडायला येऊन बसल्या, त्याही पडल्या. त्या हिशेबानं आमची सगळी गल्ली रोज पडत होती आणि रोज आपोआप उठत होती.

मग मी नियम बदलला. हळूहळू खाली गेला तो बसला, झटक्यात खाली गेला तो पडला. आप्पा गुडघ्यांमुळं बसतात ते टप्प्याटप्प्यानं, एक हात भिंतीला, मग "अरिहंत" म्हणायचं, मग खाली. त्यामुळं बसणं आणि पडणं यांत चांगलं अंतर मिळालं.

आता कुणीतरी झटक्यात पडून बघायला हवं होतं. आप्पा लगेच तयार झाले. मला घाम फुटला. मी त्यांना हात जोडून खाटेवर बसवलं आणि स्वतः गाद्या टाकून पडायला लागलो. आक्का गिरण बंद करून बघायला आल्या.

"असं कोण पडतंय रं?" त्या म्हणाल्या. "तू वाळक्या लाकडागत पडाय लागलाईस. माणूस पडतो तवा हात असं करतो, आणि 'आई गं' म्हणतो."

"आवाज कॅमेऱ्याला कळत नाही, आक्का."

"न कळू दे. तू म्हण. नीट पडायचं तर नीट पड."

मी "आई गं" म्हणून पडलो. घंटा वाजली. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसांत मी इतका पडलो, की दुकानात पोतं उचलताना कण्हायला लागलो, आणि मालकांनी बाम आणून दिला, कशासाठी ते न विचारता.

घंटा मात्र आक्कांना पसंत नव्हती. घंटा तर आइस्क्रीमवाल्याचीही असते. म्हणून त्यांच्याच आवाजात निरोप रेकॉर्ड केला. "अगं बया, आप्पा पडल्यात! आप्पा पडल्यात! पळा की रं!" एका दमात. फोनचा माइक बिचारा घुसमटला. स्पीकर मी गॅलरीत रस्त्याकडं तोंड करून बांधला.

राहता राहिली न्हाणी. आप्पा घसरले होते न्हाणीत, आणि न्हाणीत कॅमेरा लावायचा विषय काढताच आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी तो विषय त्यांच्यादेखतच गिळला. आप्पांनी तोड काढली. "काय काळजी करू नगं. पडायचं झालं तर मी हॉलमध्ये यीऊन पडीन."

मी हे मान्य केलं. का मान्य केलं, ते आज विचारू नका.

दसऱ्याच्या दिवशी अण्णा आणि वहिनी संध्याकाळपर्यंत पोचणार होते. मी दुपारपासून सगळं तपासत होतो. प्लग, वायर, स्पीकर, परत प्लग. आप्पांनी सूर्य मावळायच्या आत जेवून घेतलं, नवं धोतर नेसलं आणि हॉलमध्ये खुर्चीत बसले, बरोबर कॅमेऱ्यासमोर. मला समाधान वाटलं. इतके दिवस या घरात आप्पा आणि मी, फार तर आक्का, एवढ्यांवरच आम्ही सगळे प्रयोग केले होते. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला गल्लीतली सगळी माणसं गल्लीतल्या सर्वांत वडीलधाऱ्याकडं येतात, आणि सोनं देऊन त्याच्या पाया पडतात, हे आम्हा तिघांनाही जन्मापासून माहीत होतं. तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिलं पलीकडच्या घरातलं कॉलेजातलं पोरगं आलं. "सोनं घ्या आप्पा," म्हणालं आणि आजकालची पोरं पडतात तसं झटक्यात पाया पडलं.

"अगं बया, आप्पा पडल्यात! आप्पा पडल्यात! पळा की रं!"

पोरगं दचकून खरोखरच पडलं. त्यामुळं निरोप दुसऱ्यांदा वाजला.

गल्ली धावली. आक्का पुढं, हातात पाण्याचा तांब्या. त्यांच्यामागं गल्लीतले रिटायर कंपाउंडर, हातात आयोडीनची बाटली. आणखी दोघं एक बाज उचलून घेऊन आले. सगळे आत आले तर आप्पा खुर्चीत, मांडीवर आपट्याचं पान.

"कोण पडलं?"

"कुणी न्हाय. सोनं घ्या," आप्पा म्हणाले.

आता आलेच आहेत तर म्हणून सगळ्यांनी सोनं दिलं आणि सगळे पाया पडले. पुढचं मी सांगत नाही. स्पीकरमधल्या आक्का ओरडत होत्या आणि खऱ्या आक्का त्यांना "गप गं, गप!" म्हणत होत्या. मी प्लग काढायला धावलो, पण प्लग बाजेच्या मागं गेला होता. कॅमेऱ्याला आप्पा कोण आणि कॉलेजातलं पोरगं कोण, हे कळत नव्हतं. त्याच्या लेखी सगळे सापळे सारखेच.

काय चाललंय ते शेवटी आप्पांच्याच लक्षात आलं. त्यांनी हात वर केला. "ऐका रं! झटकन पडलं की ते वरडतंय. हळू पाया पडायचं. भक्तीनं."

त्यानंतर आमच्या गल्लीत कधी झाला नसेल असा नमस्कार सुरू झाला. लोक एकेक इंच वाकू लागले. कंपाउंडर तर इतके सावकाश वाकले, की मध्येच त्यांची कंबर धरली आणि त्यांना दोघांनी तसंच अर्धवट वाकलेल्या अवस्थेत खुर्चीपर्यंत नेलं.

आणि नेमके तेव्हाच अण्णा आले. दारात चपला काढल्या, गर्दीतून वाट काढत पुढं झाले आणि बेंगळूरच्या घाईत वडिलांच्या पाया पडले.

"अगं बया, आप्पा पडल्यात!"

जे घरी परत गेले होते ते पुन्हा धावत आले. कंपाउंडरांनी बसल्या जागेवरून अण्णांना ढकललं. "बाजूला व्हा. माणसाला हवा लागू द्या."

"मी मुलगा आहे त्यांचा!"

"मग पाडलासा कशाला?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात कुठल्याही परीक्षेच्या निकालाला इतका घाबरलो नव्हतो, अर्थात मी फारशा परीक्षा दिलेल्याच नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "ही तुमची सोय?"

"व्हय," मी म्हणालो.

"उद्या दुपारी निघायचं, आप्पा. सामान भरा."

आप्पांनी मांडीवरची पानं गोळा करून ती वहिनींच्या हातात दिली. मी माडीवर जाऊन माझी पेटी उघडली, आणि त्यात काय भरायचं ते न सुचल्यानं बंद केली.

सकाळी मी खाली आलो तेव्हा अण्णा हॉलमध्ये एकटेच उभे होते आणि कॅमेऱ्याकडं टक लावून बघत होते. इंजिनिअर माणूस, हात शिवशिवत असणार. "हे खरंच चालतं का, का नुसतं नमस्कारालाच ओरडतं?" त्यांनी विचारलं. मी नियम सांगितला. ते म्हणाले, बघू. इकडंतिकडं पाहिलं आणि पडायची तयारी केली. पण अण्णांची पाठ धरलेली. ते गुडघ्यावर आले, मग हातावर, मग कूस टेकवली आणि उताणे झाले. स्पीकर गप्प.

"बघा," अण्णा जमिनीवरून म्हणाले, "मी पडलो, आणि कुणाला पत्ता नाही."

तेवढ्यात दार ढकलून आक्का आत आल्या, कोपरापर्यंत पीठ. मागं कंपाउंडर, कंबरेला पट्टा.

"अगं आई! आप्पांच्या जागी अण्णा पडलं की!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" अण्णांनी तसंच पडून विचारलं. "ते तर वाजलंच नाही!"

"म्हणून तर आलो," आक्का म्हणाल्या. "काल सांजंला सारखं वरडत हुतं, आणि आज सकाळधरनं चकार न्हाय. म्हटलं, बरं हाय न्हवं सगळं? जाऊन बघावं."

"मला बी तसंच वाटलं," कंपाउंडर म्हणाले.

अण्णांना उठवायला दोघांनी हात दिला. आप्पा आतून आले, त्यांनी हे सगळं बघितलं आणि पाटावर जपाला बसले, टप्प्याटप्प्यानं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या.

"मला एक सांगा," वहिनींनी मला विचारलं. "आप्पा श्रावणात कुठे पडले होते?"

"न्हाणीत."

"आणि कॅमेरा कुठे लावलाय?"

मी हॉलकडं बघितलं. अण्णांनीही बघितलं. आक्कांनी तोंडाला पदर लावला, त्यामुळं त्यांच्या गालाला पीठ लागलं. इतक्या दिवसांत मी लाल रेघा पुसल्या होत्या, सापळे नाचवले होते, गाद्यांवर पडून अंग सुजवलं होतं, आणि न्हाणी होती तशीच राहिली होती.

"न्हाणीत दांडी नाही?" वहिनी म्हणाल्या. "धरायला?"

अण्णा चहा न घेताच बाहेर पडले आणि स्टीलची दांडी आणि गवंडी दोन्ही घेऊन आले. गवंड्यानं भिंतीला भोकं पाडली, दांडी बसवली, अण्णांनी फरशीवर खरखरीत मॅट टाकली आणि आप्पांना बोलावलं. आप्पांनी दांडी धरली, हलवून बघितली, तिला लोंबकळून बघितलं. अण्णा ओरडले, "आप्पा!"

"बघतोय रं. दम हाय," आप्पा म्हणाले.

दुपारी गाडीत वहिनींची बॅग गेली, अण्णांची गेली. आप्पांची बॅग हॉलमध्येच होती. मी ती उचलायला पुढं झालो तर अण्णा म्हणाले, "ती राहू द्या." मग चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता, ते वर माडीकडं बघत राहिले.

"वरच्या खोलीची कौलं सरकलीत, पावसात गळत असेल. पुढच्या पावसाच्या आधी बदलून घ्या. आणि झोपायची जागा जरा जिन्याजवळ करा. आप्पांनी हाक मारली तर ऐकू यायला पाहिजे."

"व्हय," मी म्हणालो. या वेळी न घाबरता. मग गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा राहिलो, आणि आत येऊन आप्पांची बॅग उघडून त्यांची धोतरं एकेक करून परत कपाटात लावली.